बाण आधीच्या बसने, धनुष्य मागच्या

माझे बाबा बसमध्ये कधी बसले नाहीत. जागा रिकामी असली तरी नाही. लोक सरकून जागा द्यायचे, कंडक्टर म्हणायचा, "अहो काचवाले, टेका की जरा, सीटला काटे आहेत का?" पण हे आपले मागच्या दाराजवळ दांडा धरून उभे. काचा बसवणं हा त्यांचा धंदा. खिडक्यांच्या, कपाटांच्या, फोटोंच्या. काच जुन्या चादरीत गुंडाळायची आणि बसने न्यायची. काच नेहमी उभी धरायची, आडवी धरली की ती स्वतःच्याच वजनाने तडकते, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. हातात काच असली की बसायचं नाही, हा दुसरा नियम. आणि हातात काच नसली तर? तरी उभेच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं.

मी त्यांची एकुलती एक. माझ्या नाकावर जन्मापासून राग, म्हणून बाबा मला मिरची म्हणायचे. आईला वाटायचं, मोठी झाल्यावर उतरेल. तो काही उतरला नाही, आणि त्याचीच ही गोष्ट आहे म्हटलं तरी चालेल.

तिरंदाजीच्या मैदानावरच्या ऑफिसची काच कुणाच्या तरी बाणाने फुटली, ती बसवायला बाबा गेले होते. घरी येऊन आईला म्हणाले, "तिथे हिच्या वयाच्या मुली तासभर तोंडातून शब्द न काढता उभ्या असतात. हिला घालू या." आई म्हणाली, "आजच घाला." घरात तासभर शांतता मिळावी म्हणून मी अकराव्या वर्षी तिरंदाज झाले. मला ते आवडेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, मला तर नाहीच. पण दोरी गालाला टेकली की माझ्या डोक्यातला सगळा गलका बंद व्हायचा. राग कुठे जायचा कोण जाणे.

मैदान पाणी शुद्धीकरण केंद्राच्या मागे होतं, घरापासून बसने चाळीस मिनिटं. बाबा दर रविवारी बरोबर यायचे. माझे बाणही तेच कापायचे. बाण ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाचा लागतो, दुकानातला उचलला आणि मारला असं होत नाही. दर सहा महिन्यांनी बाबा मला दाराच्या चौकटीशी उभं करून हात ताणायला लावायचे, पेन्सिलने खूण करायचे आणि परत एकदा मोजायचे. "दोनदा मोजायचं, एकदा कापायचं. उलटं केलं की रडत बसायचं." काच कापायची हिरकणी ठेवायच्या डब्यातच माझ्या बाणांची पिसं आणि टोकं असायची. बाण बरोबर बारा.

मी तेरा वर्षांची असताना बसमध्ये घोटाळा झाला. बाण तेव्हा मी उघड्या भात्यात कमरेला लावून न्यायचे, मोठी ऐट. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कोटाची बाही बाणाच्या टोकाला अडकून टर्रकन उसवली. त्यांनी बस डोक्यावर घेतली. कंडक्टरने आम्हाला थेट डेपोत नेलं. तिथल्या साहेबांनी चष्मा काढून पुसला, घातला, धनुष्य पाहिलं, बाण पाहिले आणि चांगला अर्धा तास विचार केला. मग म्हणाले, "नुसतं धनुष्य म्हणजे शस्त्र नव्हे. नुसते बाण म्हणजे काठ्या. पण दोन्ही एकत्र आलं की शस्त्र. सबब एका गाडीत दोन्ही चालणार नाही." आणि हे त्यांनी कागदावर लिहून, शिक्का मारून बाबांच्या हातात दिलं.

मला हसू आवरेना. बाबा मात्र गंभीर. लेखी माप मिळालं म्हणजे त्यांच्या लेखी विषय संपला. तो कागद त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवला आणि पुढच्या रविवारपासून आमची पद्धत सुरू झाली. बाबा सव्वासहाच्या बसने बाण घेऊन पुढे जायचे. मी साडेसहाच्या बसने धनुष्य घेऊन मागून. बाणांसाठी त्यांनी झाकणाचं एक नळकांडं केलं होतं, ते काचेसारखं उभं धरायचे. मी उतरायचे तेव्हा ते थांब्यावर तसेच उभे. मला बघून चेहरा अगदी सरकारी करायचे आणि डावा तळहात पुढे धरायचे.

"पार्सल आलंय. सही करा."

मी त्यांच्या तळहातावर बोटाने सही करायचे. मग नळकांडं माझ्या हातात. सही केल्याशिवाय कधी दिलं नाही. एकदा मी भांडून घरातून निघाले होते, तर मुद्दाम रेघ ओढली नुसती. म्हणाले, "ही सही जुळत नाही. ऑफिसात चौकशी होईल." मला हसावंच लागलं.

आता माझा पहिला गुन्हा सांगते. सतरा वर्षांची असताना एका नव्या कंडक्टरला मी आपणहून सांगितलं की बाण आधीच्या गाडीने गेलेत. तो माझ्याकडे बघतच राहिला. "असला नियम कुठे आहे? तो साहेब रिटायर झाला, त्याचं डोकंही त्याच्याबरोबर गेलं. बॅग बंद असली की झालं." म्हणजे त्या दिवसापासून आम्ही एका बसने जाऊ शकत होतो. मी बाबांना सांगितलं नाही. का नाही? तर बस वळण घेऊन थांब्याकडे यायची तेव्हा काचेतून ते उभे दिसायचे, नळकांडं सरळ धरलेले, मान उंच करून माझी खिडकी शोधणारे. ते मला हवं होतं. एवढंच. सात वर्षं मी तोंड उघडलं नाही.

मधे मैदान हललं. त्याच बसने नऊ थांबे पुढे, नव्या स्टेडियममध्ये. बाबांनी नवा थांबा लगेच लक्षात ठेवला. दोन वर्षं एकदाही चूक नाही.

चुका दुसरीकडे होत होत्या. एका दुकानाची काच त्यांनी बोटभर आखूड कापली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. परत कापली, परत आखूड. एकदा हिरकणी शर्टाच्या खिशात ठेवून घरभर शोधत बसले. आई म्हणाली, काखेत कळसा नि गावाला वळसा. आम्ही तिघंही हसलो. मी तेव्हा चष्म्याच्या दुकानात कामाला लागले होते, दिवसभर लोकांचे नंबर काढायचे, आणि माझ्याच घरात काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. बाबांनी दोन-तीन घरची कामं सोडली. म्हणाले, हात थरथरतात. मी म्हटलं, वय झालं तुमचं, बसा आता घरी. बसणार कसले.

चोविसाव्या वर्षी निवड चाचणी आली. संघात येण्यासाठी वयाची अट होती, पुढच्या वर्षी मी त्यात बसत नव्हते. म्हणजे हीच एक संधी. तेरा वर्षं मी याच्यासाठी खांदा झिजवला होता. आदल्या दिवशी बाबांनी बाराही बाण पुसले, एकेक डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिला. गेले चार रविवार मी इतकं चांगलं मारत होते की कोचबाई, ज्या कुणाचं कौतुक म्हणून करत नाहीत, त्या म्हणाल्या, "अशीच ये. फक्त वेळेवर ये."

सव्वासहाला बाबा गेले. साडेसहाला मी. बसमध्ये मी डोळे मिटून बसले होते, चाचणीच्या दिवशी मी तसंच करते, श्वास मोजते. वाटेत जुना थांबा आला असणार. तिथे कुणी उतरलं नाही, बस थांबली नाही. मी डोळे उघडले नाहीत.

स्टेडियमच्या थांब्यावर बाबा नव्हते. मला वाटलं, चहा प्यायला गेले असतील. मग वाटलं, बस बंद पडली असेल. मागून दोन बस आल्या, त्यात नाहीत. फोन लावला तर आईने उचलला. त्यांचा मोबाईल घरीच चार्जिंगला लावलेला. "वेळेवर निघालेत गं," आई म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. आठ वाजता माझं नाव पुकारलं. एका मुलीने तिचे बाण दिले, बिचारीने स्वतःहून दिले. पण दुसऱ्याचा चष्मा लावून वाचायला बसावं तसं झालं. बाण डावीकडे जात होते, मी नेम सरकवत होते, मग उजवीकडे जात होते. मी अकरा गुणांनी राहिले. आपल्या बाणांनी मी झोपेत त्याहून जास्त मारले असते. कोचबाईंनी माझी बॅग उचलून दिली.

तीन वाजता परतीची बस पकडली. माझी बॅग बघून कंडक्टर म्हणाला, "काचवाल्यांची मुलगी ना तुम्ही? ते जुन्या थांब्यावर उभे आहेत. सकाळपासून माझ्या तीन फेऱ्या झाल्या. चला म्हटलं, तर म्हणतात मुलगी येतेय."

म्हणजे अपघात नाही, काही नाही. धडधाकट उभे आहेत. त्या क्षणी माझी सगळी काळजी गेली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

मी उतरले. समोरच्या पानवाल्याने त्यांच्यासाठी स्टूल आणून ठेवलं होतं, ते तसंच रिकामं. हे शेजारी उभे. सकाळी सातपासून. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यातून वर आले होते. नळकांडं सरळ. मला बघून चेहरा उजळला, आणि मग नेहमीसारखा सरकारी केला. तळहात पुढे.

"पार्सल आलंय. सही करा."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी नळकांडं त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं. म्हटलं, "दोन वर्षं झाली मैदान इथून हलून. एक काम होतं तुमच्याकडे, एक. बाण पोचवायचे. तेवढंही जमत नसेल तर कशाला येता माझ्या मागे? संपलं माझं सगळं. तुमच्यामुळे." पानवाला ऐकत होता, थांब्यावरच्या चार बायका ऐकत होत्या. मला पर्वा नव्हती.

बाबा म्हणाले, "तुझी बस थांबलीच नाही गं. मी हात केला होता."

त्यांचा तळहात अजून पुढेच होता. मी पाठ फिरवली आणि येणाऱ्या बसमध्ये चढले. ते माझ्यामागून चढले, मागच्या दाराने, आणि उभे राहिले.

पुढचं सगळं तुम्ही ओळखलंच असेल. डॉक्टर, तपासण्या, आणि मग तो शब्द, जो ऐकून आई डॉक्टरांना म्हणाली, "पण माझं नाव तर त्यांना नीट आठवतं." डॉक्टर म्हणाले, "अजून आठवतं." आखूड काचा, हरवलेली हिरकणी, सगळं तेव्हा एका ओळीत येऊन उभं राहिलं. आणि मला आठवला तो मेलेला नियम. मी सात वर्षांपूर्वी खरं सांगितलं असतं तर त्या सकाळी बाबा माझ्या शेजारी उभे असते, बाण त्यांच्या हातात, आणि मी त्यांना बाहीला धरून बरोबर थांब्यावर उतरवलं असतं. बोल त्यांना लावला, चूक माझी होती. हे मी आईलासुद्धा अजून सांगितलेलं नाही.

मी स्पर्धा सोडल्या. पण रविवार उजाडला की बाबा उठायचे, शर्ट घालायचे, कपाटामागून नळकांडं काढायचे आणि सव्वासहाच्या बससाठी निघायचे. आम्ही दाराला कुलूप घातलं तर दारावर मुठी मारायचे, आणि मग कडीला हात लावून रडायचे. माझ्या बाबांना मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. मग आईच म्हणाली, "जाऊ दे त्यांना. तू मागच्या बसने जा."

तर आता असं आहे. आई त्यांना बसमध्ये चढवून देते. कंडक्टर तोच, तो त्यांना जुन्या थांब्यावर उतरवतो, पानवाला लक्ष ठेवतो. मी साडेसहाच्या बसने धनुष्य घेऊन जाते. धनुष्याला दोरी लावून वर्ष झालं असेल, पण बॅग खांद्यावर लागते, नाहीतर ते विचारतात. मी उतरते, ते मला बघतात, नळकांडं देतात. आम्ही परतीच्या बसने घरी येतो.

पण सही मागत नाहीत. त्या दिवसानंतर एकदाही नाही. मी दर रविवारी बोट तयार ठेवायचे. वाटायचं, आज तरी हात पुढे करतील. ते नळकांडं द्यायचे आणि हात खिशात घालायचे. विसरले असतील, मी स्वतःला सांगायचे. इतकं विसरतात, तर हेही विसरले असतील. त्या दिवशीचं माझं बोलणंही विसरले असतील, हे बरंच झालं. अशी मी माझी समजूत काढायचे. आपणहून त्यांचा तळहात मागायची हिंमत मात्र झाली नाही. कुठल्या तोंडाने मागणार?

गेल्या रविवारी बस वळण घेऊन थांब्याकडे आली. बाबा उभे होते, मान उंच करून खिडक्या बघत. मी काचेतून हात हलवला. त्यांची नजर माझ्यावरून पुढच्या खिडकीवर गेली, तिथून त्याच्या पुढच्या. मी उतरले, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. ते माझ्या खांद्यावरून बसच्या दाराकडे बघत होते. दार बंद झालं, बस गेली.

"बाबा, चला," मी नळकांड्याला हात लावला.

त्यांनी ते हळूच मागे घेतलं. रागावून नाही, एखाद्या अनोळखी बाईशी वागावं तसं, अदबीने. "नाही हो बाई. असं देता येत नाही. सही लागते."

मी त्यांचा डावा हात धरला, मूठ सोडवली आणि तळहातावर बोटाने सही करायला लागले. पहिलं अक्षर झालं असेल, त्यांनी हात काढून घेतला.

"तुमची नाही चालणार," ते म्हणाले. "तिची लागते. माझ्या मिरचीची. त्या दिवशी ती फार घाईत होती, सही राहिली. पार्सल पोचलं असं म्हणता येत नाही तोपर्यंत."

"मीच ती, बाबा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग ते हसले, माझी समजूत काढावी तसे, आणि पानवाल्याचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.

"तुम्ही बसा. दमलेल्या दिसता. ती मागच्या बसने येतेय."

मी बसले. काय करणार? ते माझ्या शेजारी उभे राहिले, नळकांडं सरळ धरून. पंधरा मिनिटांनी घराकडून पावणेसातला सुटणारी बस आली. एक माणूस पिशवी घेऊन उतरला, एक बाई उतरली. बाबांनी दोघांच्या मागे वाकून पाहिलं. दार बंद झालं.

"यात नव्हती," ते म्हणाले. "पुढच्या गाडीने येईल."

"हो," मी म्हटलं. "येईल."